हिरकणीच्या बाळाजवळ कोण होतं?

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक चालली होती. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले आणि चहा येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. एका ताईंची मुलगी शेजारी बसून हिरकणीचा धडा मोठ्याने वाचत होती. रायगडाच्या पायथ्याची गवळण, गडावर दूध घालायला गेली, कोजागरीचा दिवस, सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले. घरी तान्हं बाळ. मग ती अंधारात कडा उतरून गेली आणि महाराजांनी त्या जागी बुरूज बांधला. ही आख्यायिका आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

तेवढ्यात गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी म्हणाल्या, "कडा उतरली ते खरं. पण पोर दिवसभर कुणाकडं होतं, ते काही पुस्तकात लिहिलेलं नाही."

सगळ्या हसल्या. आम्ही मात्र तो प्रश्न घरी घेऊन आलो. कारण आमच्या गटांमधल्या कितीतरी बायका आज सकाळची लोकल धरून आसनगाव, टिटवाळा, बदलापूरहून डोंबिवली आणि ठाण्याला जातात, त्या दुसऱ्याचं बाळ सांभाळायला. काही जणी कल्याणमध्ये खोली घेऊन पाळणाघर काढायचं म्हणतात. त्या विचारतात, "ताई, आईबापांचा विश्वास कसा बसवायचा?" याचं उत्तर शोधताना आम्हाला जुना इतिहास चाळावा लागला. तोच आज तुम्हाला सांगणार आहोत.

सुरुवात पुन्हा गडापासूनच करू. 14 मे 1657 रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची तब्येत नाजूक होती. बाळाला दूध पुरेना. तेव्हा भोरजवळच्या कापूरहोळ गावच्या धाराऊ गाडे यांना बोलावण्यात आलं. धाराऊंनी राजपुत्राला आपलं दूध पाजलं. 1659 मध्ये सईबाई गेल्या, तेव्हा संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. जिजाऊंनी नातवाला वाढवलं, पण दूधआई म्हणून धाराऊंचं नाव आजही घेतलं जातं. शेतकरी घरातली बाई, तिच्या ओटीत स्वराज्याचा वारस दिला गेला. बाळ सांभाळण्याचं काम हलकं आहे असं कुणी म्हणालं, तर धाराऊंचं नाव सांगा.

पण धाराऊ म्हणजे राजघराण्याची गोष्ट. गरीब आईच्या बाळाचं काय होत होतं? ते पाहायला मुंबईच्या गिरणगावात जावं लागेल.

1850 नंतर मुंबईत कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. कोकणातून, घाटावरून माणसं आली, त्यांच्याबरोबर बायकाही आल्या. गिरणीत बायकांना मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यात काम मिळे. चाळीतल्या एका खोलीत दोन-तीन कुटुंबं. सासू गावाला, नणंद गावाला. गावी असताना पोर अंगणात कुणाच्या ना कुणाच्या नजरेखाली असायचं. इथे कुणी नाही. मग काय करायचं? बाळाला निजवून जायचं, आणि ते संध्याकाळपर्यंत उठू नये म्हणून अफूची गोळी द्यायची. बाजारात तिला बाळागोळी म्हणत. 1922 मध्ये डॉक्टर बार्न्स नावाच्या बाईंनी मुंबई सरकारसाठी गिरणी कामगार बायकांची पाहणी केली. कामावर जाणाऱ्या बहुतेक आया बाळाला अफू देतात, असं त्यांना आढळलं.

मैत्रिणींनो, त्या आया वाईट नव्हत्या. त्यांना पाळणाघर नव्हतं, एवढंच. गोळीने बाळ गप्प पडून राही, भूकही मरे. आईला कामावर मन लावता येई, पण बाळ वाळत जाई.

हळूहळू कायदे आले. गरोदर आणि बाळंत कामगार बाईला रजा आणि पैसे मिळावेत म्हणून मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आलं. 1928 मध्ये डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला, देशात असा पहिलाच. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कारखाने कायद्याने सांगितलं की 50 पेक्षा जास्त बायका कामाला असतील तर कारखान्याने सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर चालवावं. 1976 मध्ये 50 चा आकडा 30 वर आणला गेला. कायदा चांगला होता. पण कारखान्याच्या फाटकाबाहेर काम करणारी बाई त्यात नव्हतीच. शेतावरची, वीटभट्टीवरची, चार घरची धुणीभांडी करणारी, कुणीच नाही. भिवंडी, कल्याण, शहापूरच्या वीटभट्ट्यांवर आजही पोर झाडाच्या झोळीत असतं आणि झोका द्यायला सात-आठ वर्षांची बहीण असते.

ही बहीण लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट तिचीच आहे.

1945 साली आपल्याच ठाणे जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात एक काम सुरू झालं. तेव्हा पालघर जिल्हा वेगळा नव्हता, तो 1 ऑगस्ट 2014 ला झाला. काम सुरू करणाऱ्या बाई होत्या ताराबाई मोडक. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बी.ए. झालेल्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचं काम केलं होतं. गिजुभाई पुरुष असून मुलांत इतके रमत की लोक त्यांना मिशीवाली आई म्हणत. मूल सांभाळणं हे काय फक्त बाईचंच काम आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर ऐकावं. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, त्यातही ताराबाई होत्या. शहरातली बालमंदिरं पाहून त्यांच्या मनात आलं, की हे सगळं पैसेवाल्यांच्या मुलांपुरतंच राहतंय. म्हणून त्या खेड्यात आल्या.

बोर्डीत त्यांना मदतीला मिळाल्या अनुताई वाघ. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सहा महिन्यांतच त्या विधवा झाल्या. त्या काळी अशा मुलीचं आयुष्य संपलंच म्हणायचं. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि 1945 मध्ये ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या. परदेशी पद्धतीची महागडी शैक्षणिक साधनं बाजूला ठेवून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती यांतून खेळ तयार केले. मुलांना जे रोज हाताला लागतं, तेच साधन.

पण आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. आयांना या नव्या बायकांचा भरवसा वाटेना. अनोळखी बाईच्या हाती लेकरू कोण देईल? तेव्हा ताराबाई-अनुताईंनी मुलांना बोलावणं सोडलं आणि स्वतःच पाड्यावर गेल्या. ज्या घराच्या अंगणात मुलं खेळत होती, तिथेच बसल्या. मुलांना आंघोळ घातली, नखं कापली, केस विंचरले, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. हे सगळं आईच्या डोळ्यांदेखत झालं. आई घरात काम करता करता बघत होती, की ही बाई माझ्या पोराचा शेंबूड पुसते, ओरडत नाही, मारत नाही. अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी. आज देशभर जो शब्द सरकारी फलकावर लिहिलेला दिसतो, तो आपल्या जिल्ह्यातल्या पाड्यावरच्या शेणाने सारवलेल्या अंगणात जन्मला.

मोठी मुलं गुरं चारायला जात, म्हणून शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. 1957 मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर हललं. तिथे आणखी एक गोष्ट उमगली. शाळेच्या वयाची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड आहे. तिला नुसतं "शाळेत ये" म्हणून उपयोग नाही. आधी तिची कड मोकळी करायला हवी. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, तिला विकासवाडी म्हटलं. मोठी बहीण वर्गात, मधला बालवाडीत आणि धाकटं पाळण्यात. सरकारने 1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण दिला, 1985 मध्ये अनुताईंना पद्मश्री दिली. आम्हाला मात्र वाटतं, की त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे ती मोकळी झालेली कड.

पुढे 2 ऑक्टोबर 1975 पासून देशातल्या 33 गटांमध्ये एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. पण अंगणवाडी काही तासच उघडी असते. दिवसभर कामावर जाणाऱ्या बाईला ती पुरत नाही. दिल्लीत 1969 मध्ये मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवरच मजुरांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेस सुरू केलं आणि 1972 पासून ते काम मुंबईतही आलं. इमारत पुरी झाली की पाळणाघर मजुरांबरोबर पुढच्या जागी.

आता डोंबिवलीकडे येऊ. 16 एप्रिल 1853 ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. या रुळांवरच ही गावं वाढली. मुंबईत जागा परवडेना म्हणून नोकरदार माणसं डोंबिवली-कल्याणला राहायला आली. 1982 मध्ये ठाण्याची महापालिका झाली, 1983 मध्ये कल्याणची. नवरा-बायको दोघंही नोकरीवर. डोंबिवलीपासून मुंबईचं शेवटचं स्टेशन साधारण 48 किलोमीटर. बाई सकाळी सातला बाहेर पडली की दिवेलागणीनंतरच घरी. त्यामुळे सोसायट्यांमधून, चाळींमधून पाळणाघरं निघाली. फलक नसायचा, की जाहिरात. शेजारच्या काकू आधी एक मूल सांभाळायच्या, मग त्या मुलाची आई ट्रेनच्या डब्यात दुसरीला सांगायची. लोकलच्या लेडीज डब्यात नाव निघालं, की काकूंकडे मुलं वाढायची. तिथेच नाव खराब झालं, की पाळणाघर बंद. आजही तसंच आहे.

या काकूंची खरी परीक्षा 26 जुलै 2005 ला झाली. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद, फोन लागेनात, उल्हास नदीचं पाणी बदलापूर-कल्याणमध्ये घुसलं. हजारो बायका मुंबईत ऑफिसात, स्टेशनवर, रस्त्यात अडकल्या. गडाचे दरवाजे बंद झाले होते आणि या वेळी एकीला नव्हे, हजारो हिरकणींना घरी जाता येत नव्हतं.

आमच्या गटातल्या एक ताई डोंबिवलीत ज्या काकूंकडे मदतीला जातात, त्यांनी आम्हाला त्या रात्रीची हकीकत सांगितली. त्यांच्याकडे सात मुलं होती. वीज गेलेली. दूध संपलं तेव्हा मोठ्या मुलांना मऊ भात दिला, राखून ठेवलेलं दूध तान्ह्याला. खिडकीत मेणबत्ती लावली. एका वहीत कोण काय जेवलं, कोण कधी झोपलं, कुणाचं अंग गरम लागलं, सगळं लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी एक आई दुपारी पोचली, रुळांवरून चालत, पाय सुजलेले. काकूंनी आधी मूल तिच्या कुशीत दिलं, मग वही पुढे केली. ती आई वही वाचता वाचता रडली. "एवढं कशाला लिहिलंत काकू?" असं म्हणाली. काकू म्हणाल्या, "तुझी एक रात्र हुकली ना, ती परत द्यायची होती."

मैत्रिणींनो, विश्वास म्हणजे हेच, असं आम्हाला वाटतं. आई नसताना बाळाचं जे झालं, ते आईला खरंखरं परत द्यायचं. चांगलंही आणि वाईटही. पडलं तर पडलं सांगायचं, आधी आपणच सांगायचं. आईला अंघोळ घालताना वळ दिसला आणि मग आपण सांगितलं, तर तो भरवसा पुन्हा येत नाही.

नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाल्याचं कॅमेऱ्यात दिसलं आणि सगळीकडे हळहळ झाली. तेव्हापासून पालक कॅमेरा आहे का, असं आधी विचारतात. आमच्या काही जणींना याचा राग येतो. "आम्ही काय चोर आहोत?" म्हणतात. आम्ही त्यांना कोसबादची आठवण देतो. अनुताईसुद्धा आईच्या डोळ्यांदेखतच बसल्या होत्या. आज आई अंगणात नाही, ऑफिसात आहे, म्हणून तिचे डोळे भिंतीवर लागलेत. स्वच्छ काम करणाऱ्या बाईला ते डोळे सोबतच करतात. एखाद्या दिवशी खोटा आळ आला, तर तोच कॅमेरा आपली साक्ष देईल.

या इतिहासातून आमच्या गटाने काही गोष्टी इतिवृत्तात ठरावासारख्या लिहून घेतल्या आहेत. बाळागोळीची आठवण ठेवून पहिली गोष्ट: बाळ झोपावं म्हणून कसलंही औषध द्यायचं नाही, खोकल्याचंसुद्धा नाही. औषध द्यायचं तर आईने दिलेलं, लिहून दिलेल्या वेळीच. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध, त्याखेरीज पाणीही नाही, आणि वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. बाळाला उताणं झोपवायचं. शेंगदाणा, चणा, बटण हाताशी नाही, पाण्याने भरलेली बादली उघडी नाही, कडेवर मूल असताना हातात गरम चहा नाही. आईबापांनी सांगितलेल्या माणसाखेरीज कुणाच्याही हाती मूल द्यायचं नाही, सख्खा काका म्हणून आला तरी आधी फोन. आपल्या घरी पाळणाघर असेल तर घरातले पुरुष, पाहुणे यांच्याजवळ मूल एकटं सोडायचं नाही. भिंतीवर आईबापांचे नंबर, डॉक्टरांचा नंबर, रुग्णवाहिकेचा 108 आणि मुलांच्या मदतीचा 1098. पगार, वेळ, रजा आणि उशीर झाला तर जादा पैसे, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यायचं. धाराऊ होणं म्हणजे फुकट राबणं नव्हे.

आता शेवटची गोष्ट, आणि ती सांगताना आम्हाला थोडी लाजही वाटते. आमच्या एका ताईंना ठाण्यात चांगलं काम मिळालं. बाळाची आई त्यांच्यावर खूष. आम्ही बैठकीत त्यांचं कौतुक केलं, टाळ्या वाजवल्या. दोन महिन्यांनी शाळेतून निरोप आला, की त्यांची चौथीतली मुलगी येतच नाही. चौकशी केली तर ती घरी दोन वर्षांच्या भावाला सांभाळत होती. आई ठाण्यात दुसऱ्याचं बाळ सांभाळत होती आणि तिचं बाळ दहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर होतं. 1957 ची कोसबादची मुलगी आमच्याच गटात, आमच्याच टाळ्यांमध्ये उभी होती, आणि आम्हाला ती दिसली नव्हती.

त्या दिवशी आम्हाला आजींचा प्रश्न नीट कळला. जी बाई बाळ सांभाळायला जाते, तीही हिरकणीच आहे. तिच्या बाळाजवळ कोण?

आम्ही मोठं काही केलं नाही. गावातल्या दोन बायका, एक त्या आजी आणि एक गुडघे दुखतात म्हणून शेतावर जाऊ न शकणाऱ्या काकी, समाज मंदिराच्या खोलीत सकाळी सात ते संध्याकाळी सहा बसतात. सहा मुलं आहेत. कामावर जाणारी प्रत्येक आई महिन्याला ठरलेली रक्कम देते, नाचणीचं पीठ आणि तांदूळ पाळीपाळीने आणते. वही आहे. कॅमेरा नाही, पण खिडकी रस्त्यावर उघडते. मुलगी पुन्हा शाळेत जाऊ लागली आहे. सरकारच्या मिशन शक्तीमध्ये पाळणा नावाची योजना आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची. ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत आम्ही तो विषय घेणार आहोत. तुम्हीही आपल्या अंगणवाडी सेविका ताईंना आणि पर्यवेक्षिका मॅडमना विचारा.

आणि एक करा. पुढच्या बैठकीत हप्ते लिहून झाले, की एक ओळ जास्त लिहा. कामावर जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या नावापुढे तिचं मूल दिवसभर कुणाजवळ असतं, ते लिहा. जिच्या नावापुढे मुलीचं नाव येईल, तिथे थांबा आणि चहा येईपर्यंत त्यावरच बोला.